पेटीच्या तळाचा मास्क

एप्रिल छाटणी उरकली की विंचूरकडची काही द्राक्षवाली मंडळी समुद्राच्या तळाशी जातात. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. वर्षभर ज्यांच्या कपड्यांना फवारणीचा वास, ते लोक मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि माशांमध्ये फिरून येतात. या खुळाचा उगम म्हणजे शेखर. विंचूरला त्याचं फवारणीचे पंप आणि ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान. एकदा गिऱ्हाइकांना घेऊन तो सहलीला गेला, पाण्याखाली उतरला, आणि वर आला तो वेडाच होऊन. पुढच्या वर्षी सगळ्यांनी रीतसर शिकून घेतलं, आपापले डोळ्या-नाकावर बसणारे काचेचे मास्क आणि टाकीतली हवा तोंडाशी आणणारे रेग्युलेटर घेतले. टाक्या तेवढ्या तिथे भाड्याने मिळतात.

सहलीच्या गप्पा सगळे मारतात, पेटी मात्र भरते शेखरची बायको, उज्वला. गंगापूर रोडच्या घरात डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरायची आणि प्लॅस्टिकची निळी हत्यारपेटी उघडायची. पत्र्याची पेटी खाऱ्या हवेत गंजते, हे एकदा नुकसान करून घेऊन कळलेलं. मग अंगठीएवढ्या रबरी ओ-रिंगा एकेक बोटावर ताणून बघायच्या, कुठे चीर नाही ना. तेवढी एक रिंग फाटली तर टाकीतली हवा फुसफुसत निघून जाते आणि आपण होडीत बसून दुसऱ्यांना उतरताना बघतो. रिंगांना सिलिकॉन ग्रीस, षटकोनी ॲलन-की जुन्या मोज्यात, पाना, केबल टाय, मास्कचे जादा पट्टे, घासायला जुना टूथब्रश. आणि दातांत धरायचे रबरी माउथपीस दोन-तीन तरी, कारण मंडळींतला प्रफुल्ल पाण्याखाली भीतीने दात असे आवळतो की दर वर्षी एक चावून टाकतो. वर आल्यावर सांगतो, रबरच हलकं होतं.

"वहिनी, तुमच्या पेटीवाचून आमचं काय खरं नाय," असं तो दर वर्षी म्हणतो. उज्वला हसते. हसण्यावारी नेलं की पुढचं कुणी विचारत नाही.

कारण ती काही पहिल्यापासून नुसती पेटी भरणारी नव्हती. या सगळ्यांत खाली सगळ्यात निवांत राहायची ती तीच. बाकीचे मासे दिसले की हातवारे करत सुटायचे. उज्वला खडकापाशी अंग सोडून तरंगत राहायची. तिथे हाक ऐकू येत नाही. गॅसवर काही ठेवलेलं नसतं. आपलाच श्वास आपल्याला मोठ्याने ऐकू येतो आणि एवढंच काय ते काम असतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला पहिल्यांदा असं काही मिळालं होतं जे तिच्या एकटीचं होतं, आणि ते तिने दोन-तीन सहलींतच घालवलं. सर्दी झालेली असताना ती हट्टाने उतरली, वर्षभर वाट बघितली होती म्हणून. डाव्या कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बघू, वेळ जाऊ द्या.

वेळ जाऊ दिला. त्या काळात तिचा मास्क कपाटात होता, आणि वर्षातून एकदा बाहेर यायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी दुकानातले पाने, पकडी, पंप पूजेला मांडतात. मास्क घेतला त्या पहिल्याच वर्षी उज्वलाने त्यांच्या शेजारी आपला मास्कही मांडला. तेही हत्यारच की, तिचं म्हणणं. हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. कुंकू पारदर्शक सिलिकॉनच्या कडेला लागलं ते लागलंच. साबण झाला, टूथब्रश झाला, डाव्या बाजूचा गुलाबी डाग काही गेला नाही. सगळ्या सहलीत कुंकू लावलेला मास्क एकच, म्हणून मंडळींनी तिची भरपूर चेष्टा केली. तिलाही तो डाग आवडायला लागला होता.

या वर्षी पेटी भरताना तिने सगळ्यांत आधी तो मास्क तळाशी ठेवला, त्यावर फडकं घातलं आणि मग बाकीचं सामान रचलं. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांची तारीख सहलीच्या दोन दिवस आधीची होती, आणि यंदा ते हो म्हणतील असं तिने मनाशी धरलं होतं. शेखर बरोबर येतो म्हणाला तर तिने त्याला दुकानात पाठवलं. आनंदाची बातमी तिला स्वतः सांगायची होती.

डॉक्टरांनी बराच वेळ कान तपासला, यंत्रापुढे बसवलं, कागद पाहिले. पडदा छान भरलाय म्हणाले, ऐकूही उत्तम येतंय. उज्वला खुर्चीत पुढे सरकली. पण कान आणि घसा यांच्यामधली नळी नीट उघडत नाही, ते म्हणाले, खालच्या दाबाला पडदा टिकायचा नाही.

"म्हणजे या वर्षी नको?"

"ताई, पाण्याखाली जायचं आता कायमचंच सोडा."

स्कूटरवरून घरी येताना तिला सिग्नल कुठले लागले ते आठवलं नाही. शेखरचा फोन आला तेव्हा तिने, घरी आल्यावर सांगते, एवढंच म्हटलं. घरी आल्यावरही सांगितलं नाही. तोंडातून शब्द निघाला की तो खरा होणार होता, आणि ती तेवढ्यासाठी अडून बसली होती. तिच्या गप्प बसण्याची शेखरला सवय होती. त्याने ते ताणलं नाही.

संध्याकाळी प्रफुल्ल आपल्या नव्या सुनेला घेऊन आला. हर्षाली विंचूरच्या वाइन पार्कात एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, मार्चमध्ये डायव्हिंग शिकून आलेली, आणि यंदा पहिल्यांदाच मंडळींबरोबर निघालेली. तिला मास्क बसवून बघायचे होते. त्याची रीत सोपी असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हवा आत ओढायची आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर तो आपला. हर्षालीचा चेहरा अरुंद, गाल बसके. शेखरने दुकानातून आणलेले सगळे मास्क तिने लावून पाहिले आणि सगळे एकामागून एक मांडीत पडले. दर वेळी ती हसत होती, पण हसणं उतरत चाललं होतं. शिकतानाही मास्कमध्ये पाणी शिरत होतं, तिने सांगितलं, सारखं घाबरायला व्हायचं.

उज्वला समोर बसून चहा गाळत होती. तिचा चेहराही तसाच होता, अरुंद. तिचा मास्क या मुलीला घट्ट बसेल हे तिला पहिल्याच मास्कला कळलं होतं. पेटी तीन हातांवर टेबलाखाली होती. तरी तिची जीभ रेटली नाही. तिला त्या पोरीचा हेवा वाटला, चांगला कडकडून. तिच्या धडधाकट कानांचा, पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचा. "मिळेल तिथे एखादा," ती म्हणाली आणि साखर आणायला आत गेली. स्वयंपाकघरात स्वतःची लाज वाटून ती बराच वेळ डबा हातात धरून उभी होती.

निघायच्या पहाटे गाडी दारात लागली. उज्वलाने प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. हर्षालीने ती चाटून घेतली आणि वाकून नमस्कार केला. शेखरने पेटी उचलून डिकीत ठेवली.

"थांब," उज्वला म्हणाली. "तळाला माझा मास्क आहे. हर्षालीला बसेल."

शेखरचा हात डिकीच्या दारावरच राहिला. मास्क पेटीत का होता हे त्याला कळलं, आणि तो आता दुसऱ्याला का जातोय हेही. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हर्षालीकडे, आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"जा आता, पुढे ऊन होईल," ती म्हणाली.

ते गेल्यावर घर एकदम मोठं झालं. एरवी या दिवसांत ती पडदे धुवायला काढायची, गाद्यांना ऊन दाखवायची. यंदा ती फोन उशाशी घेऊन पडून राहिली. तिसऱ्या दिवशी फोटो आला. हिरव्या पाण्यात हर्षाली आडवी तरंगतेय, अंग सोडून, अगदी निवांत, आणि मास्कच्या कडेला गुलाबी डाग. उज्वलाने फोटो मोठा करून पाहिला. चेहऱ्याचा भाग झाकला तर ती आपणच आहोत असं वाटत होतं. तिला हुंदका आला. घरात कुणी नव्हतं म्हणून तिने तो आवरला नाही.

मंडळी परतली ती काळवंडून, भुकेली होऊन आणि एकमेकांचं बोलणं तोडत. उज्वलाचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. सामान तिथेच गोड्या पाण्याने धुऊन आणायचं, मिठाने रबर खराब होतं. तिने धुणं धुवायच्या जागी टब भरून ठेवला होता, तरीही एकदा घरी खळबळायचं म्हणून. प्रफुल्लने फुशारकीने चावलेला माउथपीस दाखवला. हर्षाली सगळ्यांच्या मागे थांबली आणि पिशवीतून मास्क काढून पुढे केला. काचेवर पांढरे ओघळ वाळलेले, पट्ट्याच्या घड्यांत मिठाची पूड.

"हा धुतला नाही मी, काकू," ती म्हणाली. "वरचं मीठ तिथल्याच पाण्याचं आहे. तुमच्यासाठी राहू दिलं."

शेखर कपाळाला हात लावून उभा राहिला. आता शिव्या पडणार म्हणून प्रफुल्ल चप्पल शोधायला लागला. उज्वलाने मास्क घेतला आणि हर्षालीच्या पाठीवरून हात फिरवला.

सगळे गेल्यावर ती टबापाशी बसली. आधी तिने कडेला जीभ लावली. खारट. मग मास्क चेहऱ्याला टेकवला, नाकाने हवा ओढली आणि हात सोडले. तो चिकटून राहिला. मग तिने दोन्ही हात टबाच्या काठावर ठेवले आणि कान वर राहतील असं बघून चेहरा पाण्यात घातला. समोर टबाचा निळा तळ होता, मास्कवरच्या मिठाचे कण त्यावर हलके हलके उतरत होते. ती श्वास धरून बघत राहिली, दम संपेपर्यंत. वर आली तेव्हा शेखर टॉवेल घेऊन शेजारी उभा होता. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे.

त्याने तिचा डावा कान हलक्या हाताने पुसला. मग सवयीने वाकून टब कलता करायला गेला.

"ओतू नकोस," ती म्हणाली. "राहू दे दोन दिवस."