आयोनाचं पाकीट

आठवडाभर आयोना पोस्टमन यायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहत होती, आणि तिच्या आईच्या, इश्बेलच्या मनात पाल चुकचुकत होती. सोळा वर्षांची पोरगी सुट्टीत इतक्या लवकर उठते कशाला?

आज मात्र पाकीट इश्बेलच्याच हाती लागलं. त्यावर एडिनबराच्या जन्मनोंदणी कार्यालयाचा शिक्का होता.

"माझ्या नकळत जन्मदात्रीचा शोध चाललाय होय!"

"आई, पाकीट दे."

"अठरा झाल्याशिवाय मूळ जन्मदाखला मिळत नाही. खोटी सही कुणाची केलीस?"

"अगं, अठरा इंग्लंडमध्ये! आपण सीमेच्या अलीकडे, बेरिकला राहायला आलो म्हणून काय झालं? मला दत्तक घेतलंत ते एडिनबरात. स्कॉटलंडमध्ये सोळा पुरतात. मी त्या कार्यालयात फोन करून विचारलंय."

इश्बेल खुर्चीत बसली. अजून दोन वर्षं हातात आहेत, असं ती धरून चालली होती.

"तिच्याशीही फोनवर बोलतेस वाटतं?"

"कशी बोलणार? दरवर्षी दत्तक संस्थेमार्फत तिचं पत्र येतं, त्याखाली नुसतं 'लोर्ना'. आडनावसुद्धा माहीत नाही मला."

इश्बेलने पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही. "इथेच उघड. माझ्यासमोर."

"इथेच उघडणार होते. एकटीला धीर होत नाहीये."

पोरगी खरं बोलतेय की गोड बोलून गुंडाळतेय, हे इश्बेल तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. काही कळेना. शेवटी तिने पाकीट सोडलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.