तेवढे दिवस

टायरवाल्याने मोटारसायकलचं मागचं चाक हाताने फिरवलं, एका जागी थांबवलं आणि नखाने रबर दाबलं. रबर दबलं तशी आतली भेग उघडली, उन्हाने फुटलेल्या ओठासारखी.

"मिस्त्री, हे काय चालवताय? टायर आहे का जुनी चप्पल?"

"नक्षी बघ की. निम्मी आहे अजून," मिस्त्री म्हणाले.

"नक्षीला काय चाटायचंय? रबर म्हातारं झालंय." त्याने बोटाला थुंकी लावून टायरच्या कडेची धूळ पुसली. खालून चार आकडे वर आले. "हा घ्या जन्मदाखला. कितवा आठवडा, कुठलं साल. सात वर्षं झाली. पुढचा याचाच जुळा भाऊ. झिजला नाही म्हणून माणूस म्हातारा व्हायचा राहतो का?"

मिस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतःचा अंगठा लावून पाहिला. हा अंगठा साधासुधा नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी पाण्याचे पंप उघडले होते. आतल्या रबरी सीलवर अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि मालकाला सांगायचं, हा हंगाम निघेल. किंवा नाही निघणार. निघेल म्हटलं की निघायचाच. सील लवकर बदललं तर तो रबराचा अपमान आणि उशिरा बदललं तर पंपाचा, असं ते मानत. मालक त्यांना पैसे कमी देत, पण त्यांच्या शब्दावर निर्धास्त झोपत.

"किती दिवस काढतील?"

"रोज कुठवर जाता?"

"टेकडीपलीकडे. बावीस जाणं, बावीस येणं."

टेकडीपलीकडे काय आहे ते टायरवाल्याला माहीत होतं. तिथल्या दवाखान्यात बरं व्हायला कुणी जात नाही. त्याचा चाकावरचा हात थांबला.

"काकू तिथं आहेत होय? मला वाटलं, घरी आणलं." मग धंद्यातल्या माणसासारखं त्याने विचारलं, "मग तुमचं अजून किती दिवसांचं जाणं-येणं आहे?"

विचारलं साधंच. चोरून मारल्यासारखं नाही, उघड्यावर मापलेल्या कापडासारखं. आणि मिस्त्रींच्या डोक्यात उत्तर तयार होतं, कारण आठच दिवसांपूर्वी डॉक्टर त्यांना जिन्याखाली घेऊन गेले होते आणि म्हणाले होते, तीन महिने. फार तर चार.

"तू सांग ना, टायर किती काढतील."

"सांभाळून चालवलीत तर चार महिने निघतील. पुढचं मी बोलत नाही."

"पुरे," मिस्त्री म्हणाले.

म्हणून गेले, आणि लगेच ते मागे घ्यायला उठले. पण शब्द बाहेर पडला होता, आणि टायरवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात होता. मिस्त्रींनी सहज टायरचा विषय काढला. खरं तर त्यांच्यावर कुणीतरी रागवायला हवं होतं. 'टायर बदला' म्हणून कुणीतरी ओरडायला हवं होतं.

"आता कशाला बाबा?" मुलगा म्हणाला. "नंतर तुम्ही इकडेच येणार. गाडी काढूनच टाकायचीय ना?"

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे... नंतर. तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते. आणि आईजवळ काही बोलू नका हं. आपलं ठरलंय."

ठरलं होतंच. आईला सांगायचं नाही. अशक्तपणा आहे, ताकद आली की घरी, एवढंच तिला माहीत होतं. तीही त्यावर विसंबून होती. कपाटात वरच्या फळीवर पडद्याचं कापड आहे, घरी आले की आधी ते बेतणार, असं ती रोज सांगायची. कधी निळ्या दोऱ्याने शिवायची, कधी पांढऱ्या. खाटेवर पडल्या पडल्या तिने ते पडदे कितीदा शिवले होते आणि कितीदा उसवले होते, त्याला गणती नव्हती.

आणि वर्षभर तिचं एक पालुपद होतं. टायर बदला. गेल्या साली नळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या वळणावर मिस्त्री घसरले होते, तेव्हापासूनचं. वाढताना म्हणायची, दिवा मालवताना म्हणायची. दवाखान्यात आल्यावर तर निरोप घेण्याऐवजी तेच म्हणायची. सहा वाजता भेटीची घंटा झाली, की रामराम नाही, सावकाश जा नाही.

"टायर बदलले का?"

"बदलतो."

"तुमचं 'बदलतो' मी लग्नापासून ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी चारला मिस्त्री पोचले, तर सिस्टरने तिला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर अंगणात आणलं होतं. ऊन कोवळं होऊन भिंतीवर टेकलं होतं. तिचा चेहरा त्यात इतका पातळ दिसत होता की ऊन त्याच्या आरपार जाईल असं वाटावं. डोळे मात्र तसेच होते, सुईत दोरा ओवायला निघालेले.

"आज काकू खुशीत आहेत," सिस्टर म्हणाली. "अर्धी पोळी खाल्ली." आणि ती आत गेली.

"अहो, गाडी इकडे आणा."

"कशाला?"

"आणा म्हणते ना. सासरी चाललेय का मी तिच्यावर बसून? नुसती बघायचीय."

मिस्त्रींनी गाडी ढकलत आणून खुर्चीशेजारी उभी केली. तिने मांडीवरची शाल सारली, हात खाली सोडला आणि मागच्या टायरवर बोटं ठेवली.

तिच्या बोटांना डोळे होते. तीस वर्षं तिने शाळेच्या मुलांचे गणवेश शिवले होते. कापड हातात घेतलं की सांगायची, हे दोन धुण्यांत विरेल, हे धाकट्या भावालाही पुरेल. नवऱ्याचा अंगठा आणि बायकोची बोटं, असा तो संसार होता. त्यात फसवणुकीला जागा कमी होती.

बोटं टायरवरून सावकाश फिरली. भेगेपाशी थांबली. भेगेत शिरली.

"टायरवाल्याकडे गेला होता?"

"गेलो होतो. काल."

"मग?"

मिस्त्रींना खोटं सांगता आलं असतं. दुकान बंद होतं म्हणता आलं असतं. पण ती अर्धी पोळी खाऊन उन्हात बसली होती, चाळीस वर्षांची सवय होती आणि तोंड मनाच्या आधी धावलं.

"म्हणाला, तेवढे दिवस निघतील."

"केवढे?"

मिस्त्रींनी गाडीच्या आरशावरची धूळ बाहीने पुसली.

"अहो, केवढे दिवस?"

भिंतीवरचं ऊन बोटभर सरकलं. कुठेतरी आत भांडं पडलं आणि गोल गोल फिरून निजलं.

"त्याने किती सांगितले?" आता तिचा आवाज बारीक झाला होता, पण टोक होतं.

"चार महिने."

"आणि तुम्ही तसेच परत आलात."

"अगं, नक्षी निम्मी आहे. उगाच..."

"मला शिकवू नका." तिने टायरवरचा हात उचलला, शालीला पुसला. "कितीदा तुमच्याबरोबर डबा घेऊन आलेय मी पंपावर. किती हंगाम उरलाय ते आधी विचारायचात. संपत आला असेल तर सीलला हात लावायचा नाहीत. ताणायचात. म्हणायचात, नवं घालून करायचंय काय, पंप बंदच पडायचाय." ती थोडी थांबली, धाप लागली म्हणून. "डॉक्टरांनी किती सांगितलेत? तेवढेच ना?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते टायरकडे बघत राहिले, जणू तिथे अजून काही दुरुस्त होण्यासारखं होतं.

"नाही बघ, तसं काही नाही, डॉक्टर तर म्हणाले की ताकद आली की..."

"आत न्या मला. थंडी वाजतेय."

उन्हात बसली होती ती.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याने शटर वर केलं, तेव्हा मिस्त्री पायरीवर बसलेले होते.

"दोन्ही बदल."

"परवा तर पुरे म्हणालात!"

"बदल म्हटलं ना."

त्याने जुने टायर लोखंडी पट्टीने उचकटून काढले, आतून हात फिरवला आणि त्यातला एक उंच धरून हसला. "तुमचा अंगठा काही खोटा नाही हं, मिस्त्री. आतून ठणठणीत आहे. चार काय, पाच महिने काढले असते यांनी."

मिस्त्रींनी ऐकलं. उभ्या जन्मात त्यांची इतकी वाईट तारीफ कुणी केली नव्हती.

दुपारी ते दवाखान्यात पोचले ते घामाने न्हालेले. खाटेशी जाऊन लहान मुलासारखे म्हणाले, "बदलले. दोन्ही. चल, दाखवतो. सिस्टरला खुर्ची आणायला सांगतो."

ती छताकडे बघत होती.

"किती वर्षं जातील?"

"पाच. सांभाळलं तर सहा, म्हणाला."

"मग दुसरी बघा पाच-सहा वर्षांसाठी."

मिस्त्री हसले. हा तिचा जुना विनोद होता. मीठ विसरली, बटण तुटलं, काही झालं तरी म्हणायची, दुसरी बघा, आणि मग आपणच आधी खिदळायची. म्हणून ते सवयीने हसले आणि तिच्या हसण्याची वाट पाहत थांबले. त्यांचं हसू तोंडावर सुकून गेलं. ती हसली नाही. तिने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती भिंतीची झाली.

मिस्त्री रोज चारला यायचे, स्टुलावर बसायचे. पडद्यांचं काढून बघितलं. "निळाच दोरा घेऊया ना?" तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली. शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्यांदा दया येऊन बघायची, मग करमणूक म्हणून बघू लागली. सिस्टर दारात गाठून म्हणाली, "काका, काही बोललात का तुम्ही त्यांना? खात नाहीत. औषध तोंडात धरून ठेवतात आणि आम्ही वळलो की थुंकतात."

"मी काय बोलणार," मिस्त्री म्हणाले.

सहाची घंटा व्हायची. ते उठायचे, दारापाशी रेंगाळायचे. काहीतरी विचारेल म्हणून. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. चांगले नवे टायर होते.

मुलगा येऊन दोन दिवस राहिला. आईशी बोलून बाहेर आला तो कोऱ्या चेहऱ्याने. दवाखान्याच्या बाकावर बापाच्या शेजारी बसला आणि समोर बघत म्हणाला, "तिला सगळं माहीत आहे. आपलं ठरलं होतं ना बाबा?"

"मी सांगितलं नाही रे."

"मग कुणी सांगितलं?"

टायरने, असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. पोराला वेड लागलेलं वाटलं असतं.

डॉक्टरांचे तीन महिने होते, फार तर चार. तिने एकोणीस दिवसांत आवरलं. मापाच्या आधी कापड संपवून टाकावं तसं. भर दुपारी, बाराच्या सुमाराला. मिस्त्री अजून घरी भात परतत होते, चारला अवकाश होता म्हणून. फोन आला तेव्हा त्यांनी आधी शेगडी बंद केली.

मुलगा त्या सकाळीच पुन्हा आला होता, थेट दवाखान्यात; ते पोचले तेव्हा त्याने कागदांवर सह्या केल्या होत्या. दवाखान्याची गाडी मागच्या दाराशी लागली होती. आत एकाच माणसाला बसायला जागा होती.

"मी बसतो आईजवळ," मुलगा म्हणाला. "तुम्ही मोटारसायकल घेऊन या मागून. इथे ठेवून परत न्यायला कोण येणार?"

बरोबरच होतं ते. मिस्त्रींनी मान हलवली.

सिस्टरने एक पिशवी दिली. चष्मा, कंगवा, सपाता. मिस्त्रींनी ती मागच्या सीटवर ठेवली, दोरीने एकदा बांधली, सुटेल असं वाटलं म्हणून पुन्हा बांधली. गाडी सुरू करून फाटकाशी आले.

पहारेकरी साखळी काढायला वाकला. रोजचं माणूस, म्हणून तो हसला. मागच्या दाराने काय गेलं ते इकडे पुढे त्याला कुठून कळणार? वाकल्या वाकल्या त्याची नजर चाकावर गेली. नव्या टायरच्या कडेने रबराचे बारीक केस उभे होते, अजून झडले नव्हते. त्याने गमतीने त्यांतला एक चिमटीत धरून ओढला.

"नवे घातलेत वाटतं, काका? बरं केलंत. तुमचं रोजचं येणं आहे."

"हो," मिस्त्री म्हणाले, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकून साखळी पूर्ण निघेपर्यंत थांबले.