दोघींचं एक उत्तर

"मूल झालं, वारही पडली, पण बाळंतिणीचं रक्त थांबत नाही. आधी काय करशील?"

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न ऐकून तुळसाच्या तोंडचं पाणी पळालं. कोपरच्या मिठागरात वाढलेली ही विधवा कल्याणच्या दवाखान्यात सुईणपण शिकायला आली होती. तिची बहीण शेवंती बाळंतपणात अशीच रक्तात भिजून तिच्या मांडीवर गेली होती.

"तुमाला बोलवाया पळेन," ती कसंबसं म्हणाली.

बाईंची परीक्षेची तऱ्हा निराळी होती. एकेकीला विचारून झालं की तेच प्रश्न जोडीनं घ्यायचे, दोघींनी आपसात वाद घालून एकच उत्तर द्यायचं. तुळसाच्या जोडीला आली गोदा, कल्याणातल्या भिक्षुकाची बालविधवा मुलगी. तिनं आधी एकटीनं उत्तर दिलं होतं, पोटावर गार पाण्याच्या घड्या.

"तू पळालीस तर तिच्यापाशी कोण?" गोदानं विचारलं.

तुळसा खाली बघत म्हणाली, "नुसत्या घडीनं काय व्हनार? गर्भाची पिशवी मऊ पडली म्हनून रगत जातंय. ती घट्ट होईस्तोवर वरनं चोळायची."

"खरंच की. आणि मूल छातीशी लावायचं. डॉक्टरांकडे दुसऱ्या कुणाला धाडायचं."

उत्तर बरोबर निघालं.

त्याच आठवड्यात बाई ठाण्याला गेल्या असताना लक्ष्मी नावाच्या बाळंतिणीखालचं कापड भराभर लाल होऊ लागलं. तुळसाचे पाय दाराकडे वळले. गोदानं तिचं मनगट धरलं.

"तुळसा, आधी काय?"

"चोळायचं."

"मग चोळ."

गोदानं शिपाई महिपतला गावातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं आणि मूल लक्ष्मीच्या छातीशी लावलं. तुळसाच्या तळव्याखाली पिशवी भिजल्या कणकेसारखी निसटत होती. लक्ष्मीचे ओठ पांढरे पडले. तुळसा रडत होती, चोळत होती. "थांबू नकोस," गोदा सारखी म्हणत राहिली, आणि तिचाच आवाज फाटत गेला.

हळूहळू हाताखाली काहीतरी आवळलं. रक्ताची धार बारीक झाली.

डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "आता सोड." तुळसाला हात उचलेना. गोदानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

लक्ष्मी वाचली. पुढं तुळसानं कितीतरी बाळंतपणं केली, पण दर खेपेला छाती धडधडायचीच. 'आधी काय?' असं विचारणारी कुणी सोबत असल्याशिवाय मात्र ती कधी बाळंतिणीच्या खोलीत शिरली नाही.