शेजारचं बोट

घड्याळजीच्या उजव्या तर्जनीवर दुकानाचं शटर पडलं आणि बोट मोडलं. मोडायचंच होतं तर डाव्या हाताचं मोडावं ना! पण नाही. याच बोटानं तो चिमटा धरायचा, तिळाएवढे स्क्रू बसवायचा. ते आखडलं असतं तर दुकानाला कुलूप आणि मेव्हण्याच्या गोदामात खोकी मोजायची नोकरी. ती नोकरी सासूबाईंनी ठरवून ठेवली होती, लग्नाच्याही आधीपासून.

"ऑपरेशन कशाला?" इस्पितळातला पट्टीवाला म्हणाला. "मोडकं बोट शेजारच्या धडक्या बोटाला बांधायचं. तीन आठवड्यांत जुळतंय." मग त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. घड्याळजीला मधलं बोट लहानपणापासूनच नव्हतं.

"शेजारी बाहेरून आणावा लागेल," तो म्हणाला.

बाहेर बसलेलं सगळं खटलं आत आलं. पट्टीवाल्यानं एकेकाचं बोट मोजलं. बायकोचं आखूड निघालं, मेव्हण्याचं केळ्याएवढं. सासूबाईंचं मात्र लांबीला, जाडीला, पेरापेराला तंतोतंत! सासूबाईंना तर कुणी शिवी दिल्यासारखं वाटलं.

"लेकीच्या तोंडाकडे बघून बांधून घेते हो," त्या म्हणाल्या आणि डावा हात पुढे केला.

झालं, जोडी जमली. झोपायला दोन खोल्यांमधल्या उंबऱ्याला दोन्हीकडून खाटा लावल्या. आंघोळीचं काय केलं ते विचारू नका. पडदे होते, डोळे मिटलेले होते आणि मधे बायको शिट्टी घेऊन उभी होती.

खरा छळ दुकानात. गिऱ्हाईक घड्याळ काढतंय तोच सासूबाई म्हणायच्या, "टाकून द्या हो, नवं घ्या!"

"अहो आई, गिऱ्हाईक आहे ते!"

"मग काय खोटं बोलू?"

चार दिवसांत गिऱ्हाईकं फिरकेनाशी झाली. बोट जुळेल, पण तोवर दुकान मोडेल, या काळजीनं घड्याळजीला घास उतरेना.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाई कंटाळल्या. एका हातानं विणता येईना, शेजारी भांडायला कुणी येईना. शेवटी त्यांनी त्याचं भिंग उचलून डोळ्याला लावलं.

"अगबाई! आत एवढं सगळं हलतं?"

घड्याळजीनं डाव्या हातानं घड्याळ धरलं आणि चिमटा त्यांच्या मोकळ्या उजव्या हातात दिला. "हळू हं आई. श्वास रोखा."

"मला शिकवू नका, जन्म गेला टाके उचलण्यात." आणि स्क्रू बसवलासुद्धा! घड्याळ टिकटिकलं. "चाललं की हो!" असं त्या ओरडल्या, तेव्हा पलीकडचा न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. त्याच्या तोंडून बातमी फिरली आणि गिऱ्हाईकं पुन्हा येऊ लागली.

तीन आठवडे सरले. पट्टीवाल्यानं चिकटपट्टी कापली. घड्याळजीनं भीतभीत बोट वाकवलं, टेबलावरची टाचणी उचलली आणि तिथेच घळाघळा रडला. सासूबाईंचं बोट मात्र काठीसारखं ताठ.

पट्टीवाल्यानं कपाळावर हात मारला. "धडक्या बोटाला व्यायाम द्यायचा असतो, सांगायचंच राहिलं की! महिनाभर रोज वाकवा, सुटेल."

दारात मेव्हणा उभाच होता. "बरं झालं एकदाचं. आई, गोदामातली जागा अजून ठेवलीय हं. यांना सोमवारपासून पाठवतेस ना?"

सासूबाईंच्या शब्दापुढे त्या घरात आजवर कुणाचं चाललं नव्हतं. घड्याळजी खाली मान घालून उभा राहिला.

सासूबाईंनी पदर खोचला. "दे ती दुसऱ्या कुणाला," त्या लेकाला म्हणाल्या. "आमच्याकडे अकरा घड्याळं उघडी पडलीयेत." मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "चला हो, दहा वाजून गेले."