परत येण्याचं कारण

"आजी, तुम्हाला काय काय होतं?" परागने विचारलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवून तो थांबला.

मनोरमाबाईंना आधी वाटलं, मुलगा चौकशी करतोय. त्या म्हणाल्या, काही होत नाही, बरं आहे.

"तसं नाही हो. बीपी, शुगर, गुडघे? काहीतरी असेलच ना. पंच्याहत्तर पूर्ण झालीत तुम्हाला."

"गुडघे आहेत. दोन."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मृणालिनीने फाइल उगाचच उघडली आणि मिटली. आईचा हा सूर तिच्या ओळखीचा होता.

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरचं परागचं दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय आठचं. आधार, पॅन, झेरॉक्स, लग्नाची नोंदणी आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत 'सर्व देशांचे व्हिसा'. पोरगा हुशार होता, बोलायलाही गोड. त्याने मनोरमाबाईंना समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. ताईंना आयर्लंडमधल्या दातांच्या लॅबने मुलाखतीला बोलावलंय. भेटीच्या व्हिसावर जाऊन मुलाखत देता येते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अर्ज तपासणारा साहेब एकच गोष्ट बघतो, की ही बाई गेली तर परत येणार का. लग्न नाही, मूलबाळ नाही, राहतं घर आईच्या नावावर.

"कागदावर बघितलं तर ताईंना इकडे परत आणेल असं काहीच नाहीये," पराग म्हणाला. "म्हणून आपण तुम्हाला दाखवू. आई अंथरुणाला खिळलेली, बघणारं दुसरं कोणी नाही. आपले ओळखीचे डॉक्टर आहेत. ते यायचे पण नाहीत बघायला. उद्या सर्टिफिकेट हातात."

"मी इथवर चालत आलेय," मनोरमाबाई म्हणाल्या.

"ते साहेबाला थोडीच दिसतंय? आजी, सगळेच लावतात हो. आणि वय बघता आज ना उद्या..."

"उद्याचं उद्या लिही. खोटा दाखला लावायचा नाही."

त्या उठल्या, पिशवी काखेला लावली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. आत मृणालिनी परागला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. बहुधा, मी समजावते तिला.

दाखला या शब्दाशी मनोरमाबाईंचं जुनं नातं होतं. गिरगावातली खोली सोडून पंच्याऐंशी साली त्या नवऱ्याबरोबर भाईंदरला आल्या, तेव्हा इथे चार इमारती आणि बाकी सगळी मिठागरं होती. उन्हात मिठाचे ढीग असे चमकायचे की दुपारी खिडकीकडे बघवत नसे. पाणी टँकरने यायचं. त्याच वर्षी त्यांना एका शाळेच्या ऑफिसात लिपिकाची जागा मिळाली आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. निळी शाई, सुटं अक्षर, खाडाखोड नाही. किती बाप यायचे. मुलाचं वय वर्षभर कमी करा, पोलिसात भरती व्हायचंय. मुलीचं वाढवा, स्थळ आलंय. कुणी पेढ्यांचा पुडा ठेवायचं, कुणी नगरसेवकाची चिठ्ठी. मनोरमाबाई मोठं रजिस्टर काढून पान त्यांच्यासमोर करायच्या. इथे आहे तेच तिथे उतरेल, म्हणायच्या. एकदा मुख्याध्यापकांनी स्वतः सांगून पाहिलं, तर त्यांच्यासमोर लेखणी ठेवली, की सर, तुमच्या हाताने लिहा. सरांनी काही लिहिलं नाही.

पूनम सागरमधल्या घरी आल्यावर मृणालिनीने कुकर लावला आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलायला सुरुवात केली. एक कागद होता तो, त्याने कुणाचं काय बिघडणार होतं. तिची पाठ जरा वाकलेली दिसत होती. सत्तावीस वर्षं भिंगाखाली मान घालून दात बनवायचे म्हणजे पाठ दुसरं काय करणार? खारी गावाच्या पुढे इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात यतीनभाईंची लॅब होती. तिथे मृणालिनी बारीक कुंचल्याने पोर्सिलेनचे थर चढवून, भट्टीत भाजून, माणसांचे दात करायची. नुसता पांढरा दात कुणीही करतो. शेजारच्या दातावरचा चहाचा डाग, टोकाकडची काचेसारखी झाक, हे उचलायचं काम अवघड. भाईंदरला शिकून तिकडे गेलेल्या एका डेंटिस्टने तिच्या कामाचे फोटो दाखवले, आणि लिमरिक नावाच्या गावच्या लॅबवाल्यांनी तिला बोलावलं होतं, की या, समोर बसून एक दात करून दाखवा, मग बोलू.

एकोणपन्नासाव्या वर्षी कुणी तिला बोलावलं होतं. मेल आली त्या दिवशी तिने ती आईला दोनदा वाचून दाखवली होती.

आता मात्र ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "नाहीतर राहू दे ना. तसंही तुला एकटीला टाकून जायचं म्हणजे माझं लक्ष लागणार नाही."

मनोरमाबाई खुर्चीत बसल्या होत्या. हेच वाक्य, याच शब्दांत, त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. दोन हजार एक साली. तेव्हा ते ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे यजमान बबनराव गेले होते. मृणालिनी सव्वीस वर्षांची होती आणि मस्कतच्या एका लॅबसाठी अंधेरीच्या हॉटेलात मुलाखती होत्या. तिने नवा कुडता शिवून घेतला होता. तिची मुलाखत गुरुवारी होती. सोमवारी मनोरमाबाईंना मोरीत गरगरलं आणि त्या अंथरुणावर पडल्या. गुरुवारी सकाळी मृणालिनी खालच्या बूथवरून फोन करून आली, की मी येत नाही. तो कुडता तिने पुढे लॅबला जाताना वापरून जुना केला. त्या दिवसाचा उल्लेख तिने कधी केला नाही, आईला कधी टोचून बोलली नाही. मनोरमाबाईंना तेवीस वर्षं तेच जास्त जड गेलं होतं.

"मृणाल, गॅस बारीक कर आणि इकडे बस."

"ऐकू येतंय मला. बोल."

"मस्कतच्या वेळी मी आजारी नव्हते."

मृणालिनीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"सोमवारी खरंच गरगरलं होतं," मनोरमाबाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी मी बरी होते. तू गेल्यावर उठून मी पोळी खाल्ली. तुझी किल्ली वाजली की परत पडायचे. मला हे घर एकटीला नको होतं, म्हणून. खोटं आजारपण एकदा लावून झालंय माझं. आता परत नाही लावणार."

कुकरची शिट्टी झाली. मृणालिनीने गॅस बंद केला, हात धुतले, पर्स घेतली आणि ती बाहेर गेली. दार आपटलं नाही. दीड तासाने आली, दोघींची पानं घेतली, जेवली. भात निवला होता, तो तिने गरमही केला नाही.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. दूध घेतलंस का. गिझर बंद कर. मनोरमाबाईंनी माफी मागितली नाही. माफी मागितली असती तर ती बिचारी 'असू दे गं' म्हणाली असती, आणि त्यांना ते तसं सुटून जायचं नव्हतं. पाचव्या दिवशी मात्र मृणालिनी आमटी वाढता वाढता म्हणाली, "यतीनभाईंना सांगितलं आज."

मनोरमाबाई चमकल्या. आतापर्यंत मृणालिनीने परागशी ठरवलं होतं ते वेगळं. लॅबमध्ये मावसबहिणीचं लग्न सांगायचं, नऊ दिवसांची रजा घ्यायची, आणि परागने कुठूनसं आणलेलं रजेचं पत्र अर्जाला जोडायचं.

"खरं सांगितलंस?"

"खरं सांगितलं. मुलाखतीला जातेय, तुमचं पत्र पाहिजे, की ही आमच्याकडे कामाला आहे आणि परत येऊन रुजू होणार आहे."

यतीनभाई आधी हसलेच म्हणे. मृणालबेन, मला सोडून जायला माझंच लेटर मागता, आवी हिंमत, असं म्हणून त्यांनी सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात नमकहलाली वगैरे काढलं. मृणालिनीने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की पत्र दिलंत तर नऊ दिवसांनी मी याच खुर्चीवर असेन. तिकडे काम मिळालं तरी दोन महिने थांबून दिव्याला आणि सान्वीला समोरच्या दातांचं काम शिकवीन, तसं लेखी देते. पत्र नाही दिलंत तर आत्ता राजीनामा देते. मग मला परत यायला कारणच उरणार नाही.

"असं म्हणालीस तू?"

"म्हणाले. तुझीच मुलगी ना मी," मृणालिनी म्हणाली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मनोरमाबाईंना कळलं नाही. पण ताटात आमटी दुसऱ्यांदा वाढली गेली.

यतीनभाई दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी पत्र दिलं, लॅबच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट. त्यात त्यांनी आपण होऊन एक ओळ घातली होती, की या बाईंनी सत्तावीस वर्षांत दिलेली तारीख कधी चुकवलेली नाही.

त्याच दुपारी मनोरमाबाई टेबलापाशी बसल्या. रेघांचा कागद घेतला, खाली पुठ्ठा ठेवला. इतक्या वर्षांनी त्या एक दाखला लिहीत होत्या, आणि तोही स्वतःचा. आधी मराठीत लिहिला, मग शाळेच्या ऑफिसात कमावलेल्या इंग्रजीत. मी, श्रीमती मनोरमा बबन राऊत, वय पंच्याहत्तर, निवृत्त लिपिक. माझी प्रकृती चांगली आहे. मी माझा स्वयंपाक, बाजार व बँक स्वतः करते. माझी मुलगी माझ्यासाठी परत येण्यास बांधील नाही. तिने परत येण्याचा शब्द तिच्या कामाच्या ठिकाणी दिला आहे व ती तो पाळील.

भीती वाटत नव्हती असं नाही. संध्याकाळी सातनंतर त्यांचा कान आपोआप दाराकडे लागायचा. किल्ली फिरली की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या, जसं काही आधीपासून कार्यक्रमच बघत होत्या. ती किल्ली उद्या फिरली नाही तर काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते त्यांनी कागदावर लिहिलं नाही. कारण त्याच्याशी साहेबाचा काही संबंध नव्हता, आणि मृणालचाही असता कामा नये, असं त्यांना वाटलं.

परागने तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला.

"आजी, हे आपल्याच विरुद्ध आहे. हे लावलं तर शंभर टक्के रिजेक्ट."

"मग नको लावू. तो खोटाही नको. कुठलाच नको."

पराग मृणालिनीकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा आता यांना. इतकी मेहनत केलीय आपण."

मृणालिनीने तो कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. मग तो यतीनभाईंच्या पत्राखाली सरळ करून ठेवला.

"लावा," ती म्हणाली.

"रिजेक्ट झालं तर नंतर माझं नाव नका घेऊ."

"तुझं नाव कुठे आहे त्यात," मनोरमाबाई म्हणाल्या. "सही माझी आहे."

पाच आठवडे काही कळलं नाही. बिल्डिंगमध्ये बातमी फुटलीच होती. कुणी म्हणे या वयात कशाला, कुणी म्हणे म्हाताऱ्या आईला सोडून कशी जाते. खालच्या नीलमभाभीने तर मनोरमाबाईंना वाटेतच गाठून विचारलं, "आंटी, वापस आयेगी ना?" मनोरमाबाईंनी सांगितलं, नऊ दिनमें आयेगी, फिर उसकी मर्जी. सहाव्या आठवड्यात पासपोर्ट आला. आत व्हिसा होता. परागने पेढे मागितले आणि हे असंच होणार हे आपल्याला आधीच माहीत होतं, असं सांगितलं.

निघायच्या दिवशी दुपारी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली आणि लिफ्ट नेमकी दुरुस्तीला काढलेली. घर चौथ्या मजल्यावर. बॅगेत कपडे कमी आणि मृणालिनीची हत्यारं जास्त, कुंचले, कोरण्या, भिंग. मनोरमाबाईंनी न विचारता बॅगेचा एक बंद धरला. एरवी मृणालिनी 'आई, नको' म्हणाली असती. आज तिने दुसरा बंद धरला. दोघी बेताबेताने उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मृणालिनी म्हणाली, थांबूया का जरा.

"तुला दम लागला असेल तर थांबू," मनोरमाबाई म्हणाल्या.

मृणालिनी हसली. बऱ्याच आठवड्यांनी हसली. टॅक्सीपाशी तिने वाकून नमस्कार केला, आणि उठताना आईच्या दंडाला धरून उभी राहिली, जरा जास्त वेळ. पोचले की फोन करते, म्हणाली. मनोरमाबाई म्हणाल्या, आधी दात कर नीट, मग फोन कर.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग वळून जिना चढू लागल्या. पहिला मजला, दुसरा मजला. तिसऱ्यावर मात्र धाप लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वरून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता. मनोरमाबाईंनी कठड्यावरचा हात काढून घेतला आणि त्या मीटरच्या पेटीसमोर उभ्या राहिल्या, आकडे वाचत असल्यासारख्या.

वरच्या मजल्यावरचा सार्थक खाली उतरत होता. त्याने थबकून विचारलं, आजी, बरं आहे ना? हात देऊ?

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "तू हो पुढे."

तो खाली जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग पदराने कपाळ टिपून त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.