सात पळ्या आणि खरवड

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेली मी एक जुनी पितळी पळी. उतारवयात खोटं बोलून काय मिळवायचं? म्हणून आधीच सांगते, माझी ही गोष्ट लाजेची आहे.

एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून माझी वाटी खोलगट केली, मागे लांब दांडा जोडला आणि म्हणाला, "ही तीन पिढ्यांना वाढेल." तेव्हापासून माझं नाक वर. मला लिहिता-वाचता येत नाही, पण मोजता येतं. घरात माणसं सात, माझ्या पळ्या सात. मालकीणबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माझी पळी म्हणजे तराजू." ऐकून मी फुगायचे.

सात पळ्या झाल्या की पातेल्याचा तळ खरवडायचा. ती खरवड मावशीच्या ताटात. मावशी म्हणजे मालकीणबाईंची लांबची बहीण. बाळंतपणात मदतीला म्हणून पंधरा दिवसांसाठी आली होती. ते बाळ, म्हणजे घरची थोरली लेक, आता नोकरीला जातं. पण खरवडीला मी पळी म्हणून कधी मोजलंच नाही.

मग जनगणना आली. आधी दारावर आकडा रंगवून गेले. नंतर शाळेचे मास्तर कागद घेऊन बसले.

"एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"सात," मालकीणबाई म्हणाल्या.

मीही मनात म्हटलं, सातच की. मास्तरांना पाणी मावशीनेच नेऊन दिलं होतं. रिकामा पेला घेऊन ती आत आली आणि मोरीशी उभी राहून तिने तो तीनदा घासला. मला तेव्हाही काही कळलं नाही.

आठवड्याने फेरतपासणीला एक बाई आल्या. कोणी मोजायचं सुटलं का, हे बघायला सरकार दुसऱ्यांदा माणूस पाठवतं. एकच माणूस सुटलं तरी मोजणी खोटी, असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर ताटाळ्यावर गेली.

"सात माणसं आणि ताटं आठ? आठवं कुणाचं?"

"पाहुण्यांचं."

"पाहुणे कधी आले?"

मालकीणबाईंनी आठवं ताट आत सरकवलं. थोरली लेक चपला घालत होती. तिने मान वर केली नाही. "माझ्या जन्माच्या चार दिवस आधी," ती म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "नाव सांगा त्यांचं."

"मावशी," लेक म्हणाली.

"मावशी हे नातं झालं, ताई. नाव?"

पदराला हात पुसत मावशीच पुढे आली. नाव इतकं हळू सांगितलं की बाईंना परत विचारावं लागलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

"घरच्या कर्त्या माणसाशी नातं काय लिहू?"

"मेहुणी," बाहेरच्या खोलीतून मालक बोलले. आजवर असे गप्प, जसा काही माझाच दांडा तोंडात धरला होता.

त्या दिवसापासून मी माझ्या डाव्या कडेकडे बघते. ती झिजून पातळ झाली आहे. मला वाटायचं, वय झालं. पण मित्रांनो, वाढून कड झिजत नाही. तळ खरवडून झिजते. मावशीची सगळी जेवणं माझ्या अंगावरच कोरली होती आणि मी नाक वर करून म्हणत होते, सात.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी पहिली पळी मावशीच्या ताटाकडे नेली. मावशीने सवयीने ताट मागे घेतलं.

मित्रांनो, तुमच्या दारी मोजणीला कोणी आलं, तर उत्तर देण्याआधी पाणी आणून देणाऱ्या हाताकडेही बघा. आणि आम्हा भांड्यांना घासाल तेव्हा बघा, कोण कुठे झिजलंय.

मावशीचं नाव मात्र मला विचारू नका. मोजणीत सांगितलेलं गुप्त राहतं, असं त्या बाईंनी बजावलं आहे. आणि खरं सांगू? ते नाव घेण्याची माझी लायकी नाही.