टाकीशेजारचा मी

दचकू नका, मी छतावरून बोलतोय. भिलाईच्या वैशाली नगरातल्या एका बैठ्या घरावर सौर पॅनलांची रांग आहे. त्यातला टाकीला खेटून बसलेला शेवटचा पॅनल तो मी.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. माझं खरं आयुष्य या छतावर सुरू झालं, आणि तेही भागाबाईंमुळे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं, बाजारातून येता येता त्या चक्कर येऊन पडल्या. दुपारी थंड खोलीतच राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. मग त्यांच्या मुलाने, अभिनवने, एसी घेतला आणि त्याचं बिल झेपावं म्हणून आम्हाला वर बसवलं. म्हणजे माझी नेमणूकच एका माणसाला गार ठेवायला झाली. याचा मला फार अभिमान आहे.

आमची देखभाल कृष्णरावांनी स्वतःकडे घेतली. हे भागाबाईंचे यजमान. उभा जन्म दुर्गच्या यार्डात रेल्वेचे डबे धुण्यात गेलेला, रिटायर झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. सकाळी ऊन चढायच्या आत पाइप खांद्यावर टाकून निघत आणि जिन्यातून ओरडत, "भागा, ड्युटीवर चाल्लो वं!"

इथली तांबूस धूळ पाण्याबरोबर वाहून जाई तेव्हा काय बरं वाटायचं! पण धुऊन झालं की स्वारी तशीच खाली. पुसायचं नाव नाही. अभिनवने एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडी पुसाची नसते रे. यार्डातून निघाली का वाऱ्यानं वाळते."

गाडी निघते हो, मी कुठे निघणार? बोरवेलचं खारं पाणी माझ्या अंगावरच वाळायचं. त्यात टाकीचा नळ माझ्याजवळ, म्हणून सगळ्यात जास्त लाड माझेच. हळूहळू काचेवर पांढरट पापुद्रा चढला. ऊन पोचेना, वीज कमी होऊ लागली. कृष्णरावांना वाटलं धूळ राहिली, म्हणून ते दोनदा धुवायला लागले. इतक्या प्रेमाने मला कुणी आंधळं करत असेल, तर रागवायचं तरी कुणावर?

मे उजाडला. बिल वाढल्याचं अभिनव जेवताना बोलला असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या शेजारी छतावर बसवलेलं एसीचं बाहेरचं यंत्र गप्प झालं. खालून कृष्णरावांचा आवाज आला.

"एसी कावून बंद केला वं?"

"मले थंडी वाजून राहिली होती."

भिलाईत, मे महिन्यात, थंडी! मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रोज दुपारी ते यंत्र गप्प, आणि खाली ती बाई उकाड्यात. पुन्हा पडली तर?

शेवटी एका संध्याकाळी अभिनव मेकॅनिकला घेऊन आला. त्याने माझ्याकडे बोट केलं, "ये वाला पूरी लाइन की बिजली नीचे खींच रहा है. निकाल दो."

"बाबा, हा काढूनच टाकू," अभिनव म्हणाला. "एवढं धुऊनही काय फायदा?"

कृष्णराव पुढे आले. माझ्या चौकटीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मला माझ्यापेक्षा त्या हाताचं वाईट वाटलं.

तेवढ्यात भागाबाई चहाला बोलवायला वर आल्या. माझ्यावरून त्यांनी नख फिरवलं.

"अवो, हे तं माह्या बादलीवरचे डाग हायेत! बोरच्या पाण्याचे! अन् तुम्ही तेच पाणी रोज वाळू देऊन राहिले?"

कृष्णरावांचा चेहरा पडला. "मले वाटलं, मी तुह्यासाठी..."

"मले मालूम हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग खाली जाऊन त्यांनी पाणी घातलेला सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणला, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला, आणि एसीच्या नळीतून टपकलेलं पाणी साठवलेली बादली. "याच पाण्यानं मी आरसा पुसते. एक डाग नाही पडत."

पापुद्रा एका दिवसात गेला नाही. दोघं रोज थोडं थोडं पुसत राहिले. मग एका दुपारी शेजारचं यंत्र सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. ती घरघर मला सनईपेक्षा गोड वाटली.

तेव्हापासून माझी अंघोळ त्या बादलीतलीच. मी वीज देतो, एसी खोली गार करतो, त्याच्या नळीतून टपकलेलं पाणी सकाळी माझ्याकडे येतं. माझ्या कष्टाचं पाणी असं परत येतं, याहून काय हवं? तुमच्या छतावर माझं कुणी भावंड असेल, तर त्याला ऊन तापायच्या आत, मऊ फडक्याने, साध्या गोड्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. ओरखडे पडतील असं घासू नका.

कृष्णरावांचे गुडघे आता कुरकुरतात. तरी रोज वर येतात, मला पुसून कोरडं करतात, आणि जाताना चौकटीवर थाप मारून म्हणतात, "चाल गड्या, माह्या बुढीले थंड ठेव."

ठेवतो, कृष्णराव. तुम्ही तेवढं लवकर खाली जा, ऊन चढतंय.